एका गावाची तीन दप्तरे

महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात, चावडीच्या ओट्यावर बसलेल्या जाणत्या म्हाताऱ्याला गावाची वस्ती किती असे विचारले, तर तो बहुधा माणसे सांगत नाही, उंबरे सांगतो. अडीचशे उंबऱ्यांचे गाव, चारशे उंबऱ्यांचे गाव, ही त्याची पिढीजात मोजदाद. तोच प्रश्न ग्रामपंचायतीच्या कार्यालयात केला तर घरपट्टीच्या नोंदींवरून एक उत्तर मिळते, तलाठ्याकडे केला तर खातेदारांचा निराळाच आकडा पुढे येतो, आणि जिल्ह्याचे जनगणनेचे पुस्तक उघडावे तर तेथे आणखी एक संख्या छापलेली असते. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. ज्याला आपण बोलण्याच्या ओघात ‘आमचे गाव’ म्हणतो ते सरकारदरबारी एक नसून तीन आहेत. जमिनीचे गाव वेगळे, कारभाराचे गाव वेगळे आणि शिरगणतीचे गाव वेगळे. या तिन्हींच्या सीमा एकमेकींवर चपखल बसल्या तर ते गावाचे भाग्य समजावे, आणि बसल्या नाहीत तर गावकऱ्याच्या नशिबी हेलपाटे ठरलेले.

तिहींत वयाने वडील ते जमिनीचे गाव, म्हणजे मौजे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ज्याला गाव म्हटले आहे त्यात घरे आणि माणसे यांच्यापेक्षा जमिनीलाच प्राधान्य आहे. गावाच्या हद्दीतली सगळी जमीन, शिवार, गायरान, ओढेनाले, वाटा, स्मशान हे सारे मिळून मौजे होते. या हद्दी कागदावर पक्क्या झाल्या त्या इंग्रजी अमदानीतल्या पैमाईशीने. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी इतकी भारी बसली की कुळे गाव सोडून परागंदा होऊ लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी आरंभिली. शेताला क्रमांक, क्रमांकाला हद्दीचे दगड आणि जमिनीच्या मगदुराप्रमाणे तीस वर्षांसाठी ठरवलेला सारा, ही जी पद्धत त्यांनी तेथे बसवली तिच्याच पायावर आजचा सातबारा उभा आहे. राज्ये बदलली, वतने गेली, तालुक्यांचे तुकडे पडले. पण शिवेचा दगड सहसा हलला नाही.

या मौजेचे एक वैशिष्ट्य असे की त्याला माणसांची गरज नसते. पटकी-प्लेगाने उठलेली, दुष्काळात ओसाड पडलेली, धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावेही महसुली दप्तरात जिवंत राहतात. त्यांना बेचिराग म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावे नोंदली गेली, आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक गावांत एकही माणूस राहत नव्हता. तेथे दिवा लावणारे कोणी नाही, पण सारा आकारलेला आहे, वारसांच्या नोंदी होत आहेत, आणि शेजारच्या गावचा शेतकरी तेथली जमीन कसतो आहे. जनगणनेच्या पुस्तकात अशा गावापुढे लोकसंख्येच्या रकान्यात काही नसते. क्षेत्रफळ मात्र हेक्टरात असते.

उलटपक्षी, जेथे माणसे खरोखर राहतात त्या गावठाणाकडे महसूल खात्याने दीर्घकाळ पाठच फिरवली होती. गावठाणावर शेतसारा नव्हता. ज्यावर सारा नाही ते मोजण्याचे सरकारला प्रयोजन नव्हते. त्यामुळे बांधावरच्या एका आर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात झगडणाऱ्या शेतकऱ्याकडे तो राहतो त्या वाड्याचा, त्या पडवीचा, त्या परसाचा मालकीचा म्हणावा असा कागदच नसे. दोन हजारांवर वस्ती असलेल्या काही मोठ्या गावांत गावठाणाचे भूमापन होऊन मालमत्ता पत्रके निघाली. बाकीच्यांची भिस्त ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर. ही उणीव भरून काढण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. आकाशातून ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घ्यायची, त्यावरून नकाशा करायचा आणि घरधन्याला सनद द्यायची, अशी ती रीत. पुढे २०२० च्या एप्रिलात तीच कल्पना स्वामित्व योजना या नावाने केंद्र सरकारने हाती घेतली. आधी चुन्याने प्रत्येकाने आपापल्या जागेची हद्द आखून घ्यावयाची असते, कारण ड्रोनला भिंत दिसते, भाऊबंदकी दिसत नाही. चुन्याची फक्की पडली की शंभर वर्षे मिटलेले तंटे कसे जागे होतात, हे ज्याने ती मोजणी पाहिली त्याला सांगावयास नको.

मौजेचे दप्तर सांभाळणारा तो तलाठी. पूर्वी हे काम कुलकर्ण्याचे होते आणि ते वंशपरंपरेने चालत असे. पाटलाने वसूल करावा, कुलकर्ण्याने लिहावा, महाराने वर्दी द्यावी आणि शीव राखावी, ही शतकांची व्यवस्था स्वातंत्र्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत कायद्याने मोडली. कुलकर्णी वतने १९५१ मध्ये गेली, महसुली पाटीलकी १९६३ च्या पहिल्या दिवसापासून संपली. आज गावात जो पाटील दिसतो तो १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला, मानधनावरचा पोलीस पाटील. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, परंतु गावाला ते अजून जिभेवर बसलेले नाही. त्याच्या ताब्यातील सजेत एकच गाव क्वचित असते. दोन, तीन, कधी पाच मौजे मिळून एक सजा, कित्येक सजांचे एक मंडळ, त्यावर तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी आणि सहा महसुली विभागांचे विभागीय आयुक्त, अशी ही उतरंड आहे. आठवड्यातील कोणत्या वारी तलाठी कोणत्या गावी बसतो, हे शेतकऱ्याला पंचांगातील तिथीपेक्षा अधिक नीट ठाऊक असते.

दुसरे गाव ते कारभाराचे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ते उभे केले, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात येऊन त्यास वरचे दोन मजले चढले, आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यास राज्यघटनेचा आधार मिळाला. या गावाला जमिनीपेक्षा माणसांची चाड आहे, कारण त्याचा सारा जीव लोकसंख्येत आहे. वस्ती १५०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीस ७ सदस्य. पुढे दर दीड हजारांस दोन वाढत वाढत ७५०० च्या वर १७, आणि तेथे मर्यादा. कोणत्या प्रभागात अनुसूचित जाती-जमातींसाठी किती जागा राखीव असाव्यात हेही लोकसंख्येच्या प्रमाणावरच ठरते. एकंदर जागांपैकी निम्म्या स्त्रियांच्या आहेत. सरपंच सदस्यांनी निवडावा की मतदारांनी थेट निवडून द्यावा, यावर मात्र मुंबईच्या सरकारांचे अद्याप एकमत नाही: २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली.

आता लहान गावाचे काय? तीनशे-चारशे वस्तीच्या मौजेला स्वतंत्र पंचायत परवडत नाही, म्हणून दोनतीन मौजांची मोट बांधून गटग्रामपंचायत करतात. नाव अर्थातच मोठ्या गावाचे लागते. कार्यालय तेथे, शिक्का तेथे, आणि बहुधा सरपंचही तेथलाच. बुद्रुक आणि खुर्द यांची जुनी चढाओढ अशा ठिकाणी नव्याने पेट घेते, विशेषतः काळाच्या ओघात खुर्दाची वस्ती बुद्रुकाहून अधिक झालेली असेल तर. ग्रामसभेला कायद्याने गणपूर्ती ठरवून दिली आहे, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती; परंतु पलीकडच्या मौजेतून ओढा ओलांडून सभेला यावयाचे म्हणजे बायाबापड्यांचा दिवस मोडतो, आणि त्यांच्या मौजेच्या पाणवठ्याचा ठराव त्यांच्या माघारी होतो.

या दोन गावांमधला घोटाळा पाहावयाचा असेल तर ‘आठचा उतारा’ मागून पाहावा. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना ८-अ म्हणून एक उतारा आहे. त्यात एका खातेदाराच्या नावावर त्या गावी एकूण किती जमीन आहे हे एकत्र दिसते. ग्रामपंचायतीच्या दप्तरातही नमुना ८ आहे; ती घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, तिच्यात घर कोणाचे, बांधकाम मातीचे की सिमेंटचे आणि कर किती हे असते. बँकेतील कारकून नुसते ‘आठचा आणा’ म्हणतो. माणूस आपल्या गावच्या ग्रामपंचायतीतून एक कागद आणतो, तो चालत नाही. मग तलाठी ज्या गावी बसतो त्या गावी जातो, तर तलाठी मंडळाच्या बैठकीला गेलेला. शिवाय पहिला नमुना हा मालकीचा पुरावा नव्हे आणि दुसरा तर त्याहून नव्हे, हे त्याला शेवटी वकील सांगतो, आणि तेवढे सांगण्याची फी घेतो.

तिसरे गाव शिरगणतीचे. १८७२ मध्ये देशात पहिली जनगणना झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी एकाच वेळी होऊ लागली. जनगणना आपले गाव स्वतः आखत नाही. महसुली मौजे घेते, त्याला एक संकेतांक देते आणि त्या हद्दीतली माणसे मोजते. त्यामुळे मौजेच्या पोटातील वाड्या, पाडे, तांडे आणि वस्त्या त्या एका संख्येत विरघळून जातात. तांड्यावर नळ आहे की नाही हे त्या पुस्तकातून कळत नाही. मौजेत नळ आहे, एवढेच कळते. नागरी आणि ग्रामीण यांची तिची वाटणीही स्वतंत्र आहे: नगरपालिका नसलेल्या ठिकाणीही ५००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसांची दाटी आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती उद्योगात, असे जमले की जनगणना त्यास नगर म्हणते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. पुण्या-मुंबईच्या आसपास अशी पुष्कळ ठिकाणे आहेत, जेथे सात मजली इमारतींचा कचरा सतरा सदस्यांची ग्रामपंचायत उचलते.

२०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ भरली. त्यांपैकी ६ कोटी १५ लाखांहून अधिक लोक खेड्यांत होते. वस्तीच्या गावांनी त्यास भागले तर सरासरी गाव दीड हजारांचे निघते. परंतु असे सरासरी गाव शोधीत कोणी निघाला तर त्याची पायपीट व्यर्थ जाईल. कृष्णाकाठी दहा हजारांचे गाव भेटेल, धडगावच्या डोंगरात टेकडीटेकडीवर विखुरलेले पाडे भेटतील. तरीही सरकारी सोयींचे गणित या आकड्यांवरच चालते. मैदानी भागात ५,००० वस्तीमागे आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० असे खाली येतात. साधारण हजार वस्तीमागे एक आशा सेविका. ज्या गावाची वस्ती कागदावर या उंबरठ्याच्या दहा-वीस माणसे अलीकडे राहिली, त्या गावाला परिचारिका मिळत नाही. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही म्हणून, २०११ नंतर जन्मलेली मुले शाळेत वरच्या वर्गांत बसूनही या हिशोबात अजून आलेली नाहीत.

आता या मोजणीत माणूस नेमका कोणत्या गावचा धरावयाचा? येथेच सारी मेख आहे. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. नियम असा, की जो माणूस या मुदतीत केव्हा तरी आपल्या नेहमीच्या घरी होता तो तेथला. जो मुदतभर बाहेर होता तो जेथे सापडेल तेथला. नियमात वावगे काही नाही. पण बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, केज, वडवणी या तालुक्यांच्या गावांकडे फेब्रुवारीत पाहावे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयते ऊसतोडीला गेलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तिच्याबरोबर पोरेबाळे, जनावरे, पाण्याची घागर आणि पत्र्याची पेटी. कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर इकडच्या कारखान्यांच्या फडांवर उसाच्या पाचटाच्या कोप्या पडलेल्या असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलात गाळप संपेपर्यंत, माणूस गावी परतत नाही. तेव्हा प्रगणक नियमाने वागला तर ही माणसे मोजली जातात ती कोपी ज्या शिवारात उभी आहे त्या गावी. तेथे त्यांना रेशन नाही, मत नाही, घरकुल नाही. आणि जेथे हे सारे हक्क आहेत त्या गावाची संख्या मात्र तेवढ्याने उणी. निम्मे गाव फडावर असताना गावाला माणसे किती हे ठरवावे, आणि पुढली दहा वर्षे त्यावर निधी वाटावा, हा प्रकार मला तरी अन्यायाचा वाटतो.

कोकणाची तऱ्हा याहून निराळी, कारण तेथला माणूस हंगामापुरता जात नाही. तो मुंबईला जाऊन राहतो आणि गणपतीला, शिमग्याला येतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. तरी कोकणातील गाव मेले असे म्हणवत नाही. वाडीवाडीची मंडळे मुंबईत आहेत, देवळाचा जीर्णोद्धार चाकरमान्यांच्या वर्गणीने होतो, आणि गावच्या पाण्याच्या टाकीची जागा कोठे असावी यावर लालबाग-परळच्या खोलीत कडाक्याची चर्चा होते. जनगणनेत हे गाव अडीचशेचे, गणेशचतुर्थीला नऊशेचे.

जमीन, कारभार आणि माणसे यांची फारकत पराकोटीला गेलेली पाहावयाची असेल तर चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात जावे. तेथील १४ गावांवर महाराष्ट्राचाही हक्क आहे आणि पूर्वी आंध्रचा व आता तेलंगणाचाही. लोकांजवळ दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे, दोन्हीकडच्या शिधापत्रिका. दोन शाळा, दोन भाषा, निवडणुकाही दोन. इतरत्र माणसाला एक सरकार मिळण्याची भ्रांत, येथे दोन मिळाली, आणि तरीही जमिनीचा पट्टा मिळण्याचे हाल आहेतच.

तिन्ही दप्तरांना एकाच खुंट्याला बांधण्याचा प्रयत्न करणारे एक गाव आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). पाचशेच्या आतबाहेर माणसांची ही गोंड वस्ती. पंचायत लेखा या गटग्रामपंचायतीची. म्हणजे लहान मौजेची जी अडचण वर सांगितली ती येथेही होती. पण मेंढ्याने ग्रामसभा ही वर्षातून चार वेळा भरवण्याची गोष्ट न मानता गावाचे खरे सरकार मानले, आणि निर्णय बहुमताने न करता सर्वांच्या संमतीने करण्याचा दंडक घातला. या वृत्तीला कायद्याचा आधार नंतर आला. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गावाची जी व्याख्या केली तिच्यात सर्व्हे क्रमांक नाही आणि लोकसंख्येचा आकडाही नाही; परंपरेने आपला व्यवहार आपण चालवणारा समाज ज्या वस्तीत राहतो ती वस्ती म्हणजे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडून विकण्यास तेव्हा वाहतूक परवाना लागे, आणि तो देणार वनखाते. म्हणून हक्क हाती असूनही बांबू जागीच राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निश्चय केला, म्हणजे सातबाऱ्याचे गाव, कारभाराचे गाव आणि माणसांचे गाव एकच व्हावे. सरकारी पूर्ततेला त्यानंतर वर्षे लागली आणि न्यायालयाचे दारही ठोठावावे लागले. ज्या दप्तरांना वेगवेगळे राहण्याची सवय जडली आहे ती एका ठरावाने जवळ येत नसतात.

प्रत्येक गावाने मेंढा व्हावे असे मी म्हणणार नाही. तेथली माणसे थोडी, जंगल मोठे, आणि एकमेकांवरचा विश्वास त्याहून मोठा. पण एक काम प्रत्येक गावाच्या आवाक्यातले आहे. पुढील जनगणनेसाठी २०२७ च्या १ मार्चचा मुहूर्त सरकारने जाहीर केला आहे. या वेळी जातीचीही नोंद व्हावयाची आहे. प्रत्यक्ष मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, म्हणजे फड ऐन रंगात असताना. घरांची यादी करण्यास येणारा प्रगणक बहुधा शेजारच्या गावचा गुरुजी किंवा अंगणवाडीची बाई असते. मळ्यातली वस्ती, डोंगरापलीकडचा पाडा त्यांना ठाऊक असेलच असे नाही. त्यांचा नजरी नकाशा तयार होत असतानाच पोलीस पाटलाने, कोतवालाने किंवा वस्तीवरच्या एखाद्या शिकलेल्या मुलाने बरोबर फिरावे, प्रत्येक वाडीचे आणि तांड्याचे नाव त्यावर चढले आहे की नाही ते पाहावे, आणि ज्यांची माणसे कोयत्याला गेली आहेत त्यांनी फडावर मोजणीला कोण आला होता, नाव घातले की नाही, हे फोन करून विचारून घ्यावे. नकाशा एकदा तहसिलीत जमा झाला की पुढली दहा वर्षे त्यात वस्ती घालता येत नाही.